करडं काय होतं

निडोच्या डब्यातून कासम सरगुरोहांनी
फिल्मच्या पट्ट्या काढल्या, चार-चार चौकटींच्या,
टिश्यूत गुंडाळलेल्या, व्हिनेगरसारखा वास मारणाऱ्या.
गुदैबियात कार्गोच्या दुकानावर माझं टेबल,
एक स्कॅनर, आणि एसी, जो बादलीत टिपकत असतो.

"कॅमेरा मी धाडला होता. मेव्हण्याच्या पोराने फोटो काढले,
रोल कुणीतरी येताना घेऊन आला.
प्रिंट काढलेच नाहीत. एकाला शंभर फिल्स.
नुसता धुवून घेतला. ट्यूबलाइटपुढे धरायचो."
सव्वीस वर्षं.
पांढऱ्या केसांची, काळ्या दातांची एक पोर,
हसताना.

मी धूळ झटकली, पट्टी काचेवर ठेवली.
पडद्यावर आधी सगळं नारिंगीच उमटतं.
"रेड ऑक्साइड," ते लगेच म्हणाले,
चौतीस वर्षं गोदीत जहाजं रंगवलेला माणूस,
"पहिला हात. त्यावरच बाकीचे रंग धरतात."
खरं आहे. फक्त इथे तो हात
खरवडून काढायचा असतो:
दोन चौकटींमधल्या कोऱ्या फटीवर क्लिक करायचं,
तिथे काहीच घडलेलं नाही,
म्हणून तिथलं नारिंगी शुद्ध.

मग उलटं केलं.
घर पाण्याखाली गेल्यासारखं निळं-हिरवं.
लाल रेघ थोडी वर ओढली, निळीला मधून वाकवलं,
पोरीच्या गालावर रक्त येईना.
तेव्हा सॉफ्टवेअर नेहमीचा प्रश्न घेऊन थांबलं:
करडं काय होतं?
एक वस्तू दाखवा जिला रंगच नव्हता,
बाकीचं मी तिच्यावरून लावतो.

बाणकोटात, जांभ्याच्या घरात,
करडं काय असणार?
सरगुरोहांनी चष्मा कपाळावर चढवला.
भिंत? चुन्यात नीळ जास्त पडली होती त्या वर्षी.
आभाळ? मे महिन्यातलं, त्याचा काय भरवसा.
मांजर? मांजर पिवळी.
बराच वेळ टिप टिप.
मग त्यांचं बोट खालच्या कोपऱ्यात टेकलं,
भांडी घासायला करवंटीत काढून ठेवलेली राख.

राखेवर क्लिक केलं
आणि दार हिरवं झालं, मांजर पिवळी झाली,
फ्रॉक अबोली, दात पांढरे.
सरगुरोह खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले,
मोबाइल काढून पडद्यासमोर धरला.
हलिमाबी मुंब्र्याला, मुलीकडे.
थोडा वेळ नुसता तिकडच्या पंख्याचा आवाज.

"आवो, ही आपली नजमा नाय.
ही डिंगणकरांची शमीम.
फ्रॉक नजमाचाच, तुम्ही धाडलेला,
तिला टोचायचा म्हणून रडत होती,
मग हिला घातला, फोटोपुरता.
आपली ती बघा ना, दाराआड. हात दिसतोय."

मी माऊसवरून हात काढला.
अशा वेळी गिऱ्हाइकाकडे बघू नये
हे या धंद्यात कुणी शिकवत नाही.
ते बघत होते शमीमकडे,
रोज रात्रपाळीनंतर जिला दुवा दिली तिच्याकडे.
"हिचापण एक प्रिंट काढा," म्हणाले,
"कुठं दिली तिला, विचारून पाठवतो."
आणि मग, "तो हात मोठा करा."

चारशे टक्के.
चौकटीला धरलेली चार बोटं,
दाणे सुटलेली, दाराच्या सावलीत हिरवट.
मी फक्त तेवढा तुकडा वेगळा केला,
हिरवा दोनाने उतरवला, लाल जरासा चढवला.
"अजून सावळी. आईवर गेलीय."
अजून सावळी केली.
नखांवर तेवढं नारिंगी राहिलं होतं,
मूळ पट्टीचा रंग, कधीकधी निघत नाही पुरता.
मी ब्रश घेतला.

"ऱ्हाऊ द्या ते," सरगुरोह म्हणाले.
"मेंदी आहे."